नादुरुस्त डिस्कमधून फाइली परत मिळवताना : आधी इमेज, मग सॉफ्टवेअर

तळटीप (धागाकर्ता)

"डिस्क उघडत नाही, कोणते सॉफ्टवेअर वापरू?" असा प्रश्न कुणी विचारला की उत्तरादाखल लगेच सॉफ्टवेअरच्या नावांची यादी येते. त्या यादीच्या आधी एक पायरी आहे आणि ती गाळल्यामुळेच, वाचू शकल्या असत्या अशा कितीतरी फाइली हातच्या जातात, असे माझे ठाम मत आहे. ती पायरी म्हणजे मूळ डिस्क शक्य तितकी एकदाच वाचून तिची सेक्टर-दर-सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्क एका वेळी वाचते तो माहितीचा लहानात लहान तुकडा) प्रत, म्हणजेच इमेज, दुसऱ्या धडधाकट डिस्कवर तयार करणे आणि पुढची सगळी शोधाशोध त्या इमेजवर करणे.

फाइली नाहीशा होण्याचे मुळात दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात डिस्क ठणठणीत असते. चुकून काही डिलीट झालेले असते, पार्टिशन पुसले गेलेले असते किंवा क्विक फॉरमॅट झालेले असते. अशा वेळी माहिती जागच्या जागी असते, फक्त तिच्यापर्यंत नेणारी नोंद बाद झालेली असते. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टममध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत), प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलात असते. फाइल डिलीट केली की त्या नोंदीवरची 'वापरात आहे' ही खूण काढली जाते, पण फाइलचे नाव, तारखा आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत हा तपशील, एखादी नवी फाइल ती नोंद व्यापेपर्यंत, तसाच राहतो. फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टममध्ये परिस्थिती अधिक बिकट असते. तिथे नोंदीतल्या नावाचे पहिले अक्षर तर बदलतेच, शिवाय तुकड्यांची साखळीही पुसली जाते. म्हणून सलग लिहिलेली फाइल नीट परत मिळते आणि विखुरलेली फाइल मिळालीच तरी मधूनच भलत्याच फाइलचा मजकूर घेऊन येते. मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे 'फुल फॉरमॅट' केल्यास संपूर्ण पार्टिशनवर शून्ये लिहिली जातात आणि त्यानंतर कोणत्याही सॉफ्टवेअरचा उपयोग होत नाही.

दुसऱ्या प्रकारात डिस्कच आजारी असते. काही सेक्टर वाचले जात नाहीत, एखादे हेड (तबकडीवरची माहिती वाचणारा भाग) कमजोर झालेले असते किंवा पृष्ठभागाला इजा झालेली असते. सॉफ्टवेअर डिस्ककडे फक्त 'अमुक सेक्टर वाचून दे' अशी मागणी करू शकते. जे डिस्कलाच वाचता येत नाही ते सॉफ्टवेअरलाही मिळत नाही. असे असताना आपण रिकव्हरी सॉफ्टवेअरचा 'डीप स्कॅन', म्हणजे सगळ्या डिस्कची शोधाशोध, सुरू करतो. तो स्कॅन आरंभापासून क्रमाने वाचत जातो, पहिल्याच खराब पट्ट्यात अडकतो, डिस्कचे फर्मवेअर (तिच्यातच बसवलेले नियंत्रक सॉफ्टवेअर) तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि कमजोर हेड दुखऱ्या जागेवर तासन्‌तास घासत राहते. पुढचा चांगला भाग वाचण्याची पाळी येण्याआधीच डिस्क मान टाकते.

अशा डिस्कची इमेज घेण्यासाठी माझा सर्वाधिक भरवसा जीएनयू डीडीरेस्क्यू या मुक्त प्रणालीवर आहे. आंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेली ही प्रणाली २००४ पासून उपलब्ध आहे. तिची रीत अशी की खराब सेक्टर लागताच ती तिथे रेंगाळत नाही, तर पुढे उडी मारते आणि जे सहज वाचता येते ते आधी पदरात पाडून घेते. त्यानंतर सुटलेल्या पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी छाटत आत जाते, मग उरलेला भाग सेक्टर-सेक्टर करून खरवडते आणि आपण सांगितले तरच खराब सेक्टरांचे वाचन पुन्हा करून पाहते. या सगळ्याची नोंद ती एका साध्या मजकुराच्या नकाशा-फाइलमध्ये ठेवते. ती फाइल उघडून पाहण्यासारखी असते : प्रत्येक ओळीत पट्ट्याची सुरुवात, त्याची लांबी आणि शेवटी एक चिन्ह असते. '+' म्हणजे वाचलेला भाग, '?' म्हणजे अजून हात न लावलेला, '*' म्हणजे छाटायचा राहिलेला, '/' म्हणजे खरवडायचा राहिलेला आणि '-' म्हणजे खराब ठरलेला. वीज गेली, केबल निघाली किंवा डिस्क तापली म्हणून काम थांबवले, तरी या नकाशामुळे ते सोडले तिथूनच पुढे सुरू होते. म्हणून नकाशा-फाइलशिवाय डीडीरेस्क्यू कधीही चालवू नये.

आणखी काही गोष्टी आधीच पाहून घ्याव्यात. आदेशात मूळ डिस्क आधी आणि प्रत नंतर लिहायची असते. हा क्रम उलटा झाला तर कोरी डिस्क मूळ डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे दोन्ही डिस्कची नावे, क्षमता आणि अनुक्रमांक पडताळल्याशिवाय एंटर दाबू नये. प्रत ठेवायच्या डिस्कवर मूळ डिस्कच्या पूर्ण क्षमतेहून थोडी जास्त मोकळी जागा असावी, कारण फाइली कितीही कमी असल्या तरी सहसा इमेज पूर्ण आकाराची होते. ती डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली नसावी, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. डीडीरेस्क्यू विंडोजवर सरळ चालत नाही. त्यासाठी सिस्टमरेस्क्यूसारखे पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्स घ्यावे. मूळ डिस्क विंडोजमध्ये जोडून ठेवू नये हाही त्यामागचा हेतू आहे, कारण विंडोज आपल्याला न विचारता जोडलेल्या डिस्कवर काही ना काही लिहीत असते.

डिस्कमधून ठराविक लयीत टकटक येत असेल, ती फिरण्याऐवजी नुसती बारीक 'बीप' देत असेल किंवा बायोसमध्ये तिची क्षमता शून्य दिसत असेल, तर यातले काहीही करू नये. वीज तोडावी आणि स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे ती सोपवावी. हेड आणि तबकडी यांच्यातले अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. मोडके हेड फिरत्या तबकडीवर एक मिनिट जरी राहिले तरी चुंबकीय थर खरवडला जातो आणि मग प्रयोगशाळेलाही काही उरत नाही.

पाणवठा

अतिशय उपयुक्त धागा आहे. माझ्यासमोर नेमकी हीच अडचण आहे. २ टीबीची बाह्य हार्ड डिस्क जोडली की विंडोज "वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" असे सांगते आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशनचा प्रकार 'रॉ', म्हणजे फाइल सिस्टम न ओळखलेला, असा दिसतो. आवाज नेहमीसारखाच आहे. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा इशारा असून 'सी५' या ओळीत काही आकडा दिसतो, पण तो मला कळला नाही. मला चेकडिस्क हे विंडोजमधले दुरुस्तीचे साधन चालवण्याचा सल्ला मिळाला आहे. आत घरातल्या सगळ्यांची छायाचित्रे आणि आईच्या वैद्यकीय कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत, म्हणून विचारल्याशिवाय पुढे जाण्याचा धीर होत नाही.

तळटीप

पाणवठा, तुम्ही थांबलात हे फार चांगले केले. 'फॉरमॅट करा' या सूचनेला नकार द्या, चेकडिस्क चालवू नका आणि डिस्क काढून ठेवा.

सी५ म्हणजे दशमान पद्धतीत १९७ क्रमांकाची नोंद. वाचता न आल्यामुळे डिस्कने संशयित म्हणून बाजूला ठेवलेले, पण अजून बदललेले नाहीत असे किती सेक्टर आहेत ते ती सांगते. ०५ ही नोंद राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची आहे आणि सी६ म्हणजे १९८ ही दुरुस्त न होणाऱ्या सेक्टरांची. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दाखवते, त्यामुळे तिथे २० दिसले तर ते प्रत्यक्षात ३२ असतात. सी७ म्हणजे १९९ ही ओळ वाढलेली असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. तो आधी निस्तरावा. तुमच्या बाबतीत सी५ शून्य नाही, म्हणजे ही दुसऱ्या प्रकारची डिस्क आहे असे धरून चाला.

'रॉ' दिसण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पार्टिशनचा पहिलाच सेक्टर, म्हणजे बूट सेक्टर, वाचता न येणे. एनटीएफएस त्याची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी राखून ठेवते आणि पार्टिशन दुरुस्त करणारी टेस्टडिस्क ही प्रणाली ती प्रत पुढे आणून बसवू शकते. मात्र ही दुरुस्ती इमेजवर करा, मूळ डिस्कवर नव्हे.

उंबरठा

धागाकर्त्यांबद्दल आदर राखून मी असहमती नोंदवतो. चेकडिस्कला इतके धोकादायक ठरवणे मला पटत नाही. अचानक वीज गेल्यामुळे न उघडणारी पार्टिशने चेकडिस्कने व्यवस्थित उघडल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. सामान्य वापरकर्त्याने लिनक्स, इमेज, नकाशा-फाइल हे सगळे शिकावे ही अपेक्षा जास्त आहे.

अक्षांश

उंबरठा, तुम्ही पाहिलेली उदाहरणे खरीच असणार, पण त्या वेळी डिस्क निरोगी होती आणि बिघाड फक्त नोंदींमध्ये होता, हा मुद्दा निसटतो आहे. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टम सुसंगत करणे हे आहे. फाइली वाचवणे हे नव्हे. ज्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत त्या ते खुशाल काढून टाकते आणि अनाथ तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये निनावी करून टाकते. सुसंगती साधते, पण नेमके ज्या नोंदींवरून रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोल्डरची रचना पुन्हा उभी केली असती त्याच नोंदी त्यात जातात, आणि हे सारे मूळ डिस्कवरच लिहिले जाते, त्यामुळे मागे फिरता येत नाही. खराब सेक्टर शोधणारा पर्याय सोबत दिला तर ते सगळे पार्टिशन वाचून काढते, म्हणजे धाग्यात म्हटलेला ताण आलाच.

शिकण्याचा त्रास होतो हे मान्य आहे. पण इमेज एकदा झाली की तिच्या प्रतीवर चेकडिस्क जरूर चालवून पाहावे. बिघडले तर दुसरी प्रत करता येते.

दवबिंदू

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. लॅपटॉपमधल्या एसएसडीवरून एक फोल्डर चुकून डिलीट झाले आणि रिसायकल बिनही रिकामी झाली. रेक्युव्हा या रिकव्हरी सॉफ्टवेअरने सगळ्या फाइली नावासकट दाखवल्या, त्यांचे आकारही बरोबर होते, मी त्या पेन ड्राइव्हवर उतरवूनही घेतल्या. पण एकही उघडत नाही. दुसरे एखादे सॉफ्टवेअर घेतल्यास फरक पडेल का?

अक्षांश

दुर्दैवाने फरक पडण्याची शक्यता फारच थोडी आहे. एसएसडीवर फाइल डिलीट होताच कार्यप्रणाली ड्राइव्हला ट्रिम नावाचा आदेश पाठवते. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. 'या जागेची आता गरज नाही' असे समजल्यावर कंट्रोलर ती जागा आपल्या सवडीने पुसतो आणि प्रत्यक्ष पुसण्यापूर्वीही बहुतेक ड्राइव्ह त्या पत्त्यावर विचारणा झाली की शून्येच परत देतात. फाइलचे नाव आणि आकार मात्र मास्टर फाइल टेबलात असतात आणि ते टेबल स्वतः ट्रिम होत नाही, म्हणून यादी इतकी आश्वासक दिसते. उतरवलेली एखादी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून पाहा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शून्येच दिसली तर खात्री होईल. अशा वेळी क्लाउडवरची प्रत, ईमेलला जोडलेली फाइल, विंडोजची 'मागील आवृत्ती' किंवा संबंधित कार्यक्रमाने राखलेली तात्पुरती प्रत शोधण्यात वेळ घालवणे अधिक फलदायी ठरते.

पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्यातली मेमरी कार्डे यांच्या बाबतीत नुसत्या डिलीटनंतर सहसा ट्रिम होत नाही, त्यामुळे तिथे आशा बरीच जास्त असते. कार्ड लगेच बाहेर काढावे आणि त्यावर नवे छायाचित्र घेऊ नये, इतकेच पथ्य आहे.

कोरा कागद

मेमरी कार्डाचा विषय निघालाच आहे तर फोटोरेकबद्दल लिहितो. टेस्टडिस्क आणि फोटोरेक या दोन्ही मुक्त प्रणाली क्रिस्तोफ ग्रेनिए यांच्या आहेत आणि दोन्ही इमेज-फाइल थेट उघडतात. फोटोरेक फाइल सिस्टमकडे फारसे पाहतच नाही. ते कच्चे सेक्टर वाचत जाते आणि फाइलींच्या ओळखखुणा शोधते. उदाहरणार्थ, जेपीईजी छायाचित्र एफएफ-डी८-एफएफ या बाइटांनी सुरू होते. अशी खूण दिसली की तिथून फाइल सुरू झाली असे धरून ते पुढचा मजकूर उतरवते. नोंदी पूर्ण नष्ट झाल्या असतील तेव्हा हाच मार्ग उरतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते : नावे जातात, फोल्डर जातात आणि हजारो फाइली आकडेवजा नावांनी एका ढिगात येतात. छायाचित्रांत एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फाइलीतच लिहिलेली तारीख वगैरे) शिल्लक असल्यास घेतल्याच्या तारखेनुसार ती पुन्हा लावता येतात, परंतु कागदपत्रे एकेक उघडूनच पाहावी लागतात. त्यामुळे टेस्टडिस्क, डीएमडीई किंवा आर-स्टुडिओ यांनी फोल्डरची रचना मिळते का ते आधी पाहावे आणि फोटोरेककडे शेवटी वळावे.

व्हिडिओंच्या बाबतीत निराशा जास्त पदरी पडते. एमपी४ फाइलमध्ये कोणती चौकट कुठे आहे हे सांगणारा 'मूव्ह' नावाचा भाग बहुतेक कॅमेरे चित्रीकरण थांबल्यावर लिहितात. चित्रीकरण चालू असताना बॅटरी संपली तर तो लिहिलाच जात नाही आणि व्हिडिओचा सगळा ऐवज असूनही फाइल उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत घेतलेला एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिल्यास 'अनट्रंक' ही प्रणाली तो भाग नव्याने उभारू शकते. म्हणून तुटक्या फाइली रागाने पुसून टाकू नयेत.

उंबरठा

डिस्क काही वेळ फ्रीजरमध्ये ठेवण्याचा, किंवा तशाच दुसऱ्या डिस्कवरचे सर्किट बोर्ड काढून बसवण्याचा उपाय अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. त्यात तथ्य आहे का?

तळटीप

फ्रीजरचा उपाय मुळीच करू नये. बाहेर काढताच डिस्कच्या आत दव धरते आणि ते फिरत्या तबकड्यांवर बसते. बोर्डाचे म्हणाल, तर पूर्वीच्या डिस्कमध्ये ते जमत असे. आताच्या प्रत्येक डिस्कच्या बोर्डावर, त्याच डिस्कच्या हेडांसाठी कारखान्यात मोजून ठरवलेली मूल्ये रॉम चिपमध्ये साठवलेली असतात. ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डावर नेल्याशिवाय डिस्क सहसा चालू होत नाही.

याला जोडूनच एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. काही बाह्य डिस्कचे यूएसबी सर्किट सगळा मजकूर कूटबद्ध करूनच डिस्कवर लिहिते, पासवर्ड लावलेला नसला तरीही. अशी डिस्क खोक्यातून काढून थेट जोडली तर ती निरोगी असूनही आत फक्त अर्थहीन बाइट दिसतात. म्हणून मूळ यूएसबी सर्किट कधीही फेकू नये. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे कूटबद्धीकरण, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवावी. ती किंवा पासवर्ड नसेल तर शंभर टक्के वाचलेली इमेजही उघडणार नाही.

पाणवठा

सर्वांच्या मार्गदर्शनाबद्दल मनापासून आभार. सिस्टमरेस्क्यूवरून डीडीरेस्क्यू चालवले. पहिल्या फेरीत बहुतेक सगळी डिस्क भराभर वाचली गेली आणि नंतर वेग इतका मंदावला की प्रणाली बंद पडली असे वाटावे. आता ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग वाचल्याचे दिसते आणि नकाशात '-' चिन्हाचे काही पट्टे उरले आहेत. इमेजच्या प्रतीवर टेस्टडिस्कने बूट सेक्टर परत बसवला आणि सगळी फोल्डर नावांसकट दिसली! वैद्यकीय कागदांपैकी काही उघडून पाहिले, ते शाबूत आहेत. मात्र न वाचलेले पट्टे नेमके कोणत्या फाइलींमध्ये आहेत हे कसे ओळखावे? हजारो छायाचित्रे एकेक करून पाहणे शक्य नाही.

तळटीप

फार आनंद झाला. न वाचलेल्या पट्ट्यांसाठी डीडीरेस्क्यूमध्येच सोय आहे आणि ती फारशी वापरली जात नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. इमेजची आणि नकाशा-फाइलची आणखी एक प्रत करा. सहसा कुठल्याही फाइलीत आढळणार नाही असा एखादा शब्द एका छोट्या फाइलमध्ये लिहा आणि डीडीरेस्क्यूच्या 'भरणी' प्रकाराने, नकाशात '-' असलेले सगळे पट्टे त्या शब्दाने भरून टाका. मग ती इमेज केवळ वाचनासाठी माउंट करून (म्हणजे डिस्कसारखी जोडून) ग्रेप या शब्द शोधणाऱ्या आदेशाने सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधा. ज्या फाइलींत तो सापडेल त्याच तुमच्या बाधित फाइली. उरलेल्या फाइलींच्या मजकुरात न वाचलेला सेक्टर नाही. असे न केल्यास खराब जागी सहसा नुसती शून्ये असतात आणि ती खऱ्या मजकुरापासून वेगळी ओळखता येत नाहीत.

अक्षांश

एक भर घालतो. खराब पट्टा मास्टर फाइल टेबलातच असेल तर बाधित फाइल या शोधात दिसणार नाही, कारण तिची नोंदच वाचलेली नसेल. तिथे एकेक नोंद साधारणपणे १०२४ बाइटची असते, त्यामुळे ४०९६ बाइटचा एक सेक्टर गेला की चार फाइली एकदम यादीतून गळतात. त्यांच्यासाठी त्याच इमेजवर फोटोरेक चालवून बघा. आणि इमेज ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टमची असेल तर, इतर वाचकांसाठी सांगतो, 'केवळ वाचन' म्हणून माउंट केले तरी कार्यप्रणाली जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा चालवून लिहिण्याचा प्रयत्न करते. ते टाळण्यासाठी 'नोलोड' हा पर्याय सोबत द्यावा लागतो.

पाणवठा

शोध घेतला. तो शब्द थोड्याशाच फाइलींमध्ये सापडला. बहुतेक डाउनलोड केलेले चित्रपट आहेत, पण तीन छायाचित्रे आजोबांची आहेत आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती कुठेही नाहीत. छायाचित्र वरून अर्ध्यापर्यंत नीट दिसते आणि खाली राखाडी पट्टा येतो. मूळ डिस्क पुन्हा जोडावी का?

तळटीप

बाकी सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून, उघडून पडताळून झाल्या असतील तरच जोडा. चित्रपटांचे पट्टे पूर्णपणे सोडून द्या. त्या तीन छायाचित्रांचे सेक्टर कोणते आहेत ते इमेजवरून काढा आणि तेवढेच पट्टे नोंदवलेली एक वेगळी नकाशा-फाइल डीडीरेस्क्यूला 'क्षेत्र' म्हणून द्या. म्हणजे पुन्हा वाचण्याचा प्रयत्न त्या थोड्या सेक्टरांपुरताच होईल आणि बाकीच्या डिस्कला हात लागणार नाही. हे काम भरणी केलेल्या प्रतीवर नव्हे, तर पहिल्या इमेजवर आणि पहिल्याच नकाशा-फाइलसह करा. उलट दिशेने वाचण्याचा पर्यायही द्या, कारण एका बाजूने न वाचलेला सेक्टर काही वेळा दुसऱ्या बाजूने येताना वाचला जातो. वाचनाचा आवाज बदलला तर तिथेच थांबा. आकडे काढताना अडचण आली तर नकाशा-फाइलमधल्या त्या ओळी इथे द्या, आपण मिळून पाहू.